मोबाईलची इर्जिक

इर्जिक म्हणजे काय, हे जुन्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एकाचं रान नांगरायचं राहिलं की बाकीचे आपापले बैल, औतं घेऊन यायचे आणि दिवसात काम उरकायचे. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. आमचं केडगाव (नगरचं हो, दौंडजवळचं नव्हे!) आता शहरात मिसळून गेलंय. पण अशीच इर्जिक कॉम्प्युटरच्या जगातही झाली, म्हणून हा इतिहास.

१७ मे १९९९ ला बर्कलेच्या विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' सुरू केलं. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे छोटे तुकडे करायचे, ते लोकांच्या घरी पाठवायचे आणि रिकाम्या बसलेल्या पीसीने ते तपासायचे. २००५ मध्ये 'आइनस्टाइन ॲट होम' आलं. त्यातून २०१० साली एक नवा पल्सार सापडला, तोही अमेरिका आणि जर्मनीतल्या साध्या स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर!

आपल्याकडे मात्र तेव्हा लोडशेडिंग. त्यात शंभरेक वॅट खाणारा पीसी रात्रभर चालू ठेवायचा म्हणजे चैनच. मोबाईलचं तसं नाही. तो काही वॅटमध्ये भागवतो आणि रात्री चार्जिंगला असतोच. २०१३ मध्ये बर्कलेचंच 'बॉइंक' अँड्रॉईडवर आलं, तेव्हा अटीही शहाण्या होत्या: चार्जर लावलेला हवा, बॅटरी ९० टक्क्यांच्या वर हवी, वाय-फाय हवं, फोन तापला की काम बंद. थोडक्यात, बैल दमला की जू उतरवायचं :-)

मग अडलं कुठे? बॉइंक प्रत्येक प्रकल्पाचा प्रोग्राम उतरवून घेतं आणि चालवतं. आयफोनला हे कधीच मान्य नव्हतं. २०१९ च्या अँड्रॉईड १० नेही नियम केला, की त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपला स्वतः उतरवलेला प्रोग्राम आपल्या जागेतून थेट चालवता येणार नाही. कारण रास्तच आहे, व्हायरसही हेच करतात. पण परिणाम बघा. पीसी कोणाच्या कामाला लावायचा हे मालक ठरवायचा. फोनच्या बाबतीत ते फोन बनवणारा ठरवतो. सेटीनेही ३१ मार्च २०२० ला नवं काम वाटणं थांबवलं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर हिंगोलीकडे बघा. तिथल्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधायचं काम आइनस्टाइन ॲट होमचे स्वयंसेवक करतातच. उद्या हिंगोलीच्या नोंदींचेही असे तुकडे पडले, तर आपल्या घराघरात आठ-आठ कोअरचे फोन रात्रभर नुसते पडून असतील.

इर्जिकेला जायचं तर बैल आपला असावा लागतो. खिशातला फोन आपला आहे का, हे एकदा तपासून बघा. असो.