दोन नद्यांचे पश्चिम काठ

वणीहून वरोऱ्याकडे जाताना पाटाळ्याजवळ वर्धा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. राजूरची मंडळी नोकरीधंद्यासाठी, बाजारासाठी, सोयरिकीसाठी हा पूल ओलांडत असतात. खाली वाहणारे पाणी एके काळी दोन राज्यांची सरहद्द होते, याचे स्मरण आज कुणाला फारसे होत नाही. आणि होण्याचे कारणही उरलेले नाही.

मला ते झाले एका मुलाच्या प्रश्नामुळे. राजूरच्या एका घरी सायंप्रार्थनेनंतर चहापाणी चालले होते. नववीत शिकणाऱ्या त्या घरच्या मुलाने विचारले, “फादर, आपला हा मुलूख पूर्वी कुणाचा होता?” मी मोजू लागलो : चांद्याचे गोंड राजे, नागपूरकर भोसले, हैदराबादचा निजाम, कंपनी सरकार, मग इंग्लंडच्या राणीचे सरकार. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न केला, “मग तो आमचा कधी झाला?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर एका तारखेत देता येते. परंतु ती तारीख समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि थोडे दूरही. इ. स. १८०३ च्या डिसेंबर महिन्यात, अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने, जगाच्या दोन टोकांना दोन मुलखांचे धनी बदलले. एक मुलूख वर्धा नदीच्या पश्चिमेचा, म्हणजे आपला वऱ्हाड. दुसरा उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा, ज्याला तेव्हा लुईझियाना म्हणत. दोन्ही व्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे मर्म उलगडते.

आधी घरचा व्यवहार पाहू. अठराव्या शतकात वऱ्हाडात दोअमली होती. भोसले आणि निजाम असे दोघेही वसूल घेत आणि रयत दोघांनाही देत असे. १८०३ साली शिंदे व भोसले यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. सप्टेंबरमध्ये असईची लढाई झाली, नोव्हेंबरअखेर अडगावची. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावच्या छावणीत दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या वतीने तह झाला. इंग्रजांकडून तो जनरल आर्थर वेलस्लीने केला. या तहाने कटक प्रांत कंपनीला मिळाला, आणि नरनाळा व गाविलगड हे किल्ले व त्यांच्यालगतचा थोडा भाग वगळता वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. तो पुढे १८०४ साली कंपनीने आपल्या दोस्ताला, निजामाला, देऊन टाकला. त्या तहात किल्ल्यांची नावे आहेत, नदीचे नाव आहे. त्या मुलखात राहणाऱ्या माणसांना पुढे कोणते हक्क असतील, यासंबंधी मात्र काही नाही.

आता दुसरा व्यवहार. १७७६ साली इंग्लंडचे जोखड झुगारणारी अमेरिकेची तेरा संस्थाने १८०३ पर्यंत सतरा घटक राज्यांची झाली होती. त्यांची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीपाशी संपत होती. नदीच्या मुखाशी असलेले न्यू ऑर्लिन्स बंदर परक्यांच्या हाती होते आणि आतल्या प्रदेशातील शेतकऱ्यांचा सारा माल त्याच वाटेने समुद्राला जाई. अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी ते बंदर विकत घेण्यासाठी पॅरिसला वकील धाडले. त्याच सुमारास हैतीमधील गुलामांनी बंड करून नेपोलियनच्या फौजेला जेरीस आणले होते. हैती हातची गेल्यावर लुईझियानाचा नेपोलियनला उपयोग उरला नाही. शिवाय इंग्लंडशी युद्धासाठी पैसा हवा होता. त्याने बंदरच नव्हे, तर सगळा प्रदेशच विकायला काढला. ३० एप्रिल १८०३ च्या कराराने दीड कोटी डॉलरला सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा, म्हणजे आजच्या भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढा प्रदेश अमेरिकेला मिळाला. देशाचा विस्तार एका फटक्यात दुप्पट झाला. २० डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सच्या चौकात फ्रान्सचे निशाण उतरले आणि अमेरिकेचे चढले.

इथवर दोन्ही गोष्टी सारख्याच. तिथल्या लोकांनाही कुणी विचारले नव्हते. परंतु पॅरिसच्या करारात एक कलम असे होते, की जे देवगावच्या तहात असण्याची कल्पनाही कुणी केली नसती. विकत घेतलेल्या प्रदेशातील रहिवाशांना लवकरात लवकर संघराज्यात सामील करून नागरिकांचे सर्व हक्क दिले जातील, आणि तोवर त्यांचे स्वातंत्र्य, मालमत्ता व धर्म यांचे रक्षण केले जाईल, असे त्यात लिहून दिले होते. यामागे १७८७ चा एक कायदा होता. ओहायो नदीच्या उत्तरेकडील नव्या प्रदेशासाठी केलेल्या या कायद्याने ठरवले, की एखाद्या भागाची मुक्त लोकसंख्या साठ हजार झाली, की तो जुन्या राज्यांच्या बरोबरीने घटक राज्य होऊ शकेल. तो कुणाची वसाहत म्हणून राहणार नाही. राज्यविस्तार साऱ्या राजांनी केला आहे. पण जिंकलेल्या वा विकत घेतलेल्या भूमीला धाकटी दासी न मानता बरोबरीची भगिनी मानण्याची ही रीत जगाला नवी होती.

ही रीत कागदावरच राहिली नाही. लुईझियानातील बहुसंख्य गोरे रहिवासी फ्रेंच व स्पॅनिश वळणाचे कॅथलिक होते, तर नवे सरकार बहुतांशी प्रॉटेस्टंट लोकांचे. न्यू ऑर्लिन्सच्या अर्सुलाइन भगिनींना आपल्या मठाची व शाळेची चिंता वाटली. त्यांनी १८०४ मध्ये जेफर्सन यांना पत्र लिहिले. आणि तुमची मालमत्ता व तुमचा कारभार यांना धक्का लागणार नाही, असे अभिवचन त्यांनी उलट टपाली दिले. आरंभी नेमलेल्या अधिकाऱ्यांमार्फतच राज्यकारभार होतो हे पाहून तेथील रहिवाशांनी त्याच वर्षी राष्ट्राच्या काँग्रेसकडे खरमरीत निवेदन पाठवले. पुढल्याच वर्षी त्यांना निवडून दिलेले सभागृह मिळाले, आणि १८१२ साली लुईझियाना अठरावे राज्य झाले. नऊ वर्षांत विकलेली रयत नागरिक झाली.

परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. करारातील “रहिवासी” या शब्दात सारे रहिवासी मोजले गेले नव्हते. मालमत्तेच्या रक्षणाचे जे अभिवचन होते, त्या मालमत्तेत काळी माणसेही होती. खालच्या मिसिसिपीची सुपीक जमीन कापसाच्या व उसाच्या मळ्यांखाली आली आणि जुन्या राज्यांतून गुलामांचे तांडे तिकडे विकले जाऊ लागले. १८६० पर्यंत त्या प्रजासत्ताकात सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलाम होती.

दुसरे वगळलेले म्हणजे मूळचे आदिवासी. चेरोकी जमातीने स्वतःची लिपी केली, १८२७ मध्ये स्वतःची राज्यघटना लिहिली, १८२८ मध्ये वृत्तपत्र काढले. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याविरुद्ध त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही १८३० च्या हद्दपारीच्या कायद्याचा आधार घेऊन १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरादारातून बाहेर काढले आणि मिसिसिपीपलीकडे हाकलले. अंदाजे चार हजार जण वाटेत व छावण्यांत मेले. त्या वाटेला “अश्रूंची वाट” हे नाव पडले. त्यांना ज्या प्रदेशात नेऊन सोडले, तो १८०३ साली विकत घेतलेल्या भूमीचाच भाग होता. एकाला नागरिकत्व देणारी भूमी दुसऱ्याला हद्दपारीची जागा ठरली.

हे पाप प्रजासत्ताकाला पचले नाही. प्रत्येक नव्या प्रदेशाबरोबर एकच प्रश्न उभा राही : येथे गुलामगिरी असावी की नसावी? १८२० साली मिसूरीच्या प्रवेशावरून तडजोड झाली. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून विशाल मुलूख घेतल्यावर तंटा पुन्हा पेटला, आणि १८५४ मध्ये लुईझियानाच्याच उत्तर भागातील कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्याने जुनी तडजोड मोडली. अखेर १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा गुलामगिरी संपली. आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळण्यास तर १९२४ साल उजाडावे लागले.

त्या युद्धाची झळ, आणि आधी त्याची ऊबही, वर्धेच्या काठापर्यंत पोहोचली. तत्पूर्वी वऱ्हाडाचा धनी पुन्हा बदलला होता. कंपनीने निजामाच्या गळ्यात बांधलेल्या फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ च्या मे महिन्यात तहाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली झाला. ज्या भूमीवर उत्तम कापूस पिकतो ती हाती आल्याचे समाधान इंग्रजांनी लपवले नाही. डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्यही खालसा झाले. नदीच्या दोन्ही काठांवर एकच सत्ता आली.

इंग्लंडच्या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चालत. युद्धात दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानकडे वळले. वऱ्हाडात कापसाचे भाव कडाडले. ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी उभी राहिली. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले. सावकाराचे कर्ज मात्र कोसळले नाही. मिसिसिपीच्या गुलामाच्या घामाशी आणि त्याच्या मुक्तीशी आमच्या शेतकऱ्याचे नशीब असे बांधले गेले, आणि दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. आजही कापसाचा भाव ठरण्यात दूरदेशीच्या बाजाराचा हात असतो, हे आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांना मी सांगायला नको.

लुईझियाना नऊ वर्षांत राज्य झाले. वऱ्हाडाचे काय झाले? ५ नोव्हेंबर १९०२ रोजी तो सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने निजामाकडून इंग्रज सरकारने घेतला. घर भाड्याने द्यावे तशी लाखो माणसांची भूमी दिली गेली. १९०३ मध्ये तिला मध्य प्रांताशी जोडले. वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ च्या फेररचनेत यवतमाळ झाला. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाडी माणूस निजामाचाच प्रजाजन राहिला. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून प्रांताच्या कायदेमंडळावर जे निवडून येत, त्यांना निवडणुकीनंतर सरकारने “नियुक्त” करावे लागे. कारण हा मुलूख कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच.

वणीतच १८८० साली जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे पुढे घटना समितीचे सभासद झाले. ज्या भूमीचा पट्टा कुणीतरी कुणाला लिहून दिला होता, त्या भूमीचा पुत्र देशाची घटना घडवणाऱ्यांत बसला, ही मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. अण्यांनी वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार केला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ते योग्य की अयोग्य, यावर आजही दुमत आहे. पण मतभेद बोलून दाखवता येतो आणि मताने तो पुढे नेता येतो, हेच तर प्रजेचे नागरिक झाल्याचे लक्षण.

तेव्हा त्या मुलाला मी तारीख सांगितली : २६ जानेवारी १९५०. त्या दिवशी आपली राज्यघटना अंमलात आली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गोंड, कोलाम, कुणबी, खाणकामगार, स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर अशा सर्वांना एकेकच मत होते. अमेरिकेने “रहिवासी” या शब्दातून ज्यांना वगळले, तशांना आपल्या घटनेने पहिल्याच दिवशी त्यात घेतले.

एवढे सांगून मी थांबलो असतो, तर उत्तर सोपे झाले असते. परंतु अमेरिकेचा धडा असा, की कलम चांगले असून भागत नाही. त्यात कोण मोजला जातो हे पिढ्यान् पिढ्या पाहावे लागते. पवित्र शास्त्रातील नाबोथाचा द्राक्षमळा आपल्याला ठाऊक आहे. अहाब राजा मोबदला द्यायला तयार होता. नाबोथाने नाही म्हटले, आणि ते “नाही” राजवाड्याला सोसले नाही. आपल्या परिसरात जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. राष्ट्राला त्यांची गरज आहे आणि अनेकांची चूल त्यांवर पेटते. पण ज्याचे शेत जाते त्याचे म्हणणे आधी ऐकले गेले का, की देवगावच्या तहाप्रमाणे केवळ हद्दी लिहिल्या गेल्या, हे विचारणे हा देशद्रोह नव्हे. तो नागरिकाचा धर्म आहे.

मुलगा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे फादर, अजून होतोच आहे.” त्याच्या वडिलांनी त्याला आगाऊपणाबद्दल दटावले. मी मात्र दटावू शकलो नाही.