मखमली वस्त्रांतील चेन

मखमलीच्या पृष्ठभागावर उभी असलेली लव हेच तिचे वैभव आणि तीच शिंप्याची मुख्य अडचण असल्याने, या कापडाच्या पोशाखास चेन कोणती लावावी व ती कशी शिवावी, याची तजवीज कापड कातरण्यापूर्वीच करणे इष्ट ठरते. गिडिअन सुंडबॅक या स्वीडिश-अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये सिद्ध केलेल्या चेनीचे दात धातूचे होते. तशी वजनदार चेन तलम रेशमी मखमलीस खाली ओढते, म्हणून तेथे नायलॉनच्या वेटोळ्याची हलकी चेन पसंत करावी. अदृश्य चेन दिसण्यात बेमालूम खरी. परंतु दातांलगतच्या घडीतील लव सरकत्यात अडकते, त्यामुळे जाड मखमलीत पट्टीखाली झाकलेली, हाताने शिवलेली चेनच अधिक भरवशाची.

यंत्राखाली लवेवर लव आली, की दोन थर परस्परांवरून घसरून चेनीच्या बाजू खालीवर होतात. याकरिता टाचण्या केवळ मायेत टोचून, रेशमी दोऱ्याने कच्चा धावदोरा घालून, दोन्ही टिपा लवेच्या कलाने एकाच दिशेस घालाव्यात. हातशिलाईत सुई वर काढून, एकदोन धागेच मागे टोचून, तीळभर उलटटीप घेतली, की टाका लवेत बुडून दिसेनासा होतो. (उसवलेल्या टिपेची खूण मात्र मखमल सहसा विसरत नाही.) सुलट बाजूने इस्त्री मुळीच फिरवू नये; मखमलीचाच तुकडा लव वर करून अंथरावा, त्यावर वस्त्र पालथे घालावे आणि इस्त्री न टेकविता वाफ तेवढी द्यावी.