यंत्राची किंमत, फितीचा खर्च

१८९६ च्या ७ जुलै रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली, तेव्हा ती पाहून स्वतःच तसे काही करावे असे ज्यांच्या मनाने घेतले, त्यांत केनेडी पुलाजवळ छायाचित्रांचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे अग्रणी होत. त्यांनी विलायतेतील रायली कंपनीकडून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. गिनी २१ शिलिंगांची आणि पौंड १५ रुपयांचा, या तत्कालीन दराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये भरते. गिरणीतल्या साध्या कामगाराची ती कित्येक महिन्यांची मजुरी होय. परंतु १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपून झाल्यावर ती फीत धुण्यासाठी लंडनला रवाना करावी लागली, आणि यंत्र विकत घेतल्याने खर्च संपत नाही, तो तेथून सुरू होतो, या सत्याची मुंबईच्या दफ्तरात तेव्हाच नोंद झाली.

दादासाहेब फाळके यांना ते पुरेपूर उमगले होते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडनला गेलेल्या या गृहस्थाने विल्यमसन कॅमेऱ्यासाठी ५० पौंड, म्हणजे ७५० रुपये मोजले. पण परतल्यावर भांडवलदारांचा विश्वास संपादन करण्यासाठी त्यांनी नटनट्यांचा लवाजमा जमवला नाही, तर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल होईपर्यंत थोडीथोडी फीत खर्चून त्या वाढीचेच चित्र तयार केले. अल्पखर्ची चित्रणाचा याहून चतुर नमुना माझ्या पाहण्यात नाही.

या साऱ्या उद्योगाशी डिलाईल रोडचा संबंध दीर्घकाळ प्रेक्षकाचाच राहिला. पुढे कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव धारण करणारा हा रस्ता अपोलो, मथुरादास अशा गिरण्यांचा आणि १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने उठवलेल्या बी. डी. डी. चाळींचा; दीपक टॉकीजमध्ये रांग लावणारे हजारो लोक येथे होते, कॅमेरा बाळगणारा मात्र विरळा. १६ मिलिमीटरच्या ४०० फूट फितीचे रीळ अकरा मिनिटांत संपते आणि सुपर-८ ची ५० फुटी डबी साडेतीन मिनिटेही पुरत नाही, ही मोजमापे लक्षात घेतली म्हणजे कामगाराच्या घरातली लग्नमुंज स्थिर छायाचित्रांवरच का भागवली जाई, याचा उलगडा होतो.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शनचा अंमल सुरू झाला. संपाने ज्या घरांची चूल विझत चालली होती, त्याच चाळींत पुढे वर्गणी काढून व्ही.सी.आर. एका रात्रीपुरता भाड्याने आणला जाऊ लागला. जे.व्ही.सी.चा छोट्या कॅसेटचा कॅमेरा १९८४ मध्ये आणि सोनीचा हँडीकॅम १९८५ मध्ये जगाच्या बाजारात आला. तीन तासांची व्ही.एच.एस. कॅसेट धुवावी लागत नव्हती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. सावेदादांना छळणारा खर्च येथे जवळपास नाहीसा झाला. तरीही यंत्र आवाक्याबाहेरच असल्याने ते विकत घेण्यापेक्षा हॅलोजनच्या दिव्यासह शूटिंगवाल्याला दिवसाच्या बोलीवर ठरवणे हाच रिवाज पडला, आणि तो शहाणपणाचा होता. फितीचा हा स्वस्तपणा काय करू शकतो, हे आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’वरून दिसते; २०११ साली पूर्ण झालेल्या त्या माहितीपटाचे काम चौदा वर्षे चालले होते.

आज यूट्यूबसाठी माफक किमतीचा कॅमेरा शोधणाऱ्या डिलाईल रोडच्या तरुणाला बोराबाजारातला दुकानदार झूमचे मोठमोठे आकडे ऐकवील, त्यांकडे त्याने काणाडोळा करावा. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मागे सरायला भिंतच असते, म्हणून भिंगाचा विस्तृत कोन महत्त्वाचा. गणपतीच्या आगमनाची मिरवणूक रात्री निघते, म्हणून मंद उजेडातली क्षमता महत्त्वाची. आणि ढोलताशापुढे यंत्रातला माईक फाटतो, यासाठी बाहेरचा माईक जोडण्याची व आवाजाची पातळी हाताने उतरवण्याची सोय नसेल तर सौदा मोडावा. या तिन्ही गोष्टी जुन्या, वापरलेल्या यंत्रातही मिळू शकतात.

मात्र नवी खरेदी करण्यापूर्वी येथल्या गणेशमंडळांनी एक काम तातडीने उरकावे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्ही.सी.आर. बनवणे थांबवले, चालू स्थितीतली जुनी यंत्रे दरवर्षी घटत आहेत आणि चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी लागते. तेव्हा लग्नांच्या, भजनांच्या आणि उत्सवांच्या ज्या कॅसेटी माळ्यावर पडून आहेत, त्या यंदाच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढून डिजिटल स्वरूपात उतरवून घ्याव्यात.