शत्रूला वाचून दाखवलेली पत्रे

२३ डिसेंबर १९४०. नाताळ दोन दिवसांवर आला होता. त्या हिवाळ्यात लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. अशा वेळी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल रेडिओवर बोलायला बसले. पण त्यांचे बोलणे होते इटलीच्या जनतेशी, म्हणजे शत्रूच्या जनतेशी.

मुसोलिनीने १० जूनला युद्धात उडी घेतली होती. डिसेंबरपर्यंत त्याचे फासे उलटे पडू लागले. ग्रीसवरची चढाई फसली, तारांतो बंदरात आरमाराला तडाखा बसला, इजिप्तच्या वाळवंटात सिदी बरानी हातचे गेले आणि हजारो इटालियन सैनिक कैद झाले. चर्चिल यांनी वेळ नेमकी साधली होती.

त्यांनी जुनी मैत्री आठवली. गॅरिबाल्डी, कावूर यांच्या लढ्याला इंग्लंडमध्ये किती सहानुभूती होती, ते सांगितले. मग हे वैर कुठून आले? एका माणसामुळे, फक्त एका माणसामुळे, असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे तो माणूस मोठा आहे, हे त्यांनी नाकारले नाही.

आणि मग त्यांनी पत्रे वाचली. १६ मे रोजी आपण मुसोलिनीला लिहिलेले पत्र : दोन देशांमध्ये रक्ताची नदी वाहू नये, अजून वेळ गेलेली नाही. पाठोपाठ १८ मेचे मुसोलिनीचे उत्तरही वाचले : १९३५ मध्ये आमच्यावर निर्बंध लादण्यात तुम्हीच पुढे होतात; तुम्ही पोलंडला दिलेला शब्द पाळलात, आम्ही जर्मनीला दिलेला पाळू. आमच्या मोहल्ल्यात भांडण लागले की अब्बा म्हणत, ''आधी दोघांचेही कागद वाचा.'' चर्चिल यांनी तेच केले. इटलीत परक्या देशाचा रेडिओ ऐकायला बंदी होती, तरी लोक खिडक्या लावून, आवाज बारीक करून लंडन ऐकत.

मात्र एक कागद त्यांनी बाहेर काढला नाही. १९२७ साली रोममध्ये याच चर्चिल यांनी पत्रकारांपुढे मुसोलिनीची तोंडभरून स्तुती केली होती. आपण इटालियन असतो तर लेनिनवादाविरुद्धच्या लढ्यात तुमच्याच बाजूने असतो, असे ते म्हणाले होते.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. सिदी बरानी घेणाऱ्या फौजेत चौथी भारतीय डिव्हिजन होती. भारताला युद्धात लोटले तेही एकाच माणसाने. १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणाला न विचारता घोषणा केली. त्या युद्धाविरुद्ध १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी भाषण केले. चार-पाच दिवसांत ते तुरुंगात होते. शत्रूच्या प्रजेला 'तुम्हीच ठरवा' म्हणणारे सरकार आपल्या प्रजेला बोलूही देत नव्हते, हे मला त्या भाषणापासून वेगळे काढता येत नाही.

मुसोलिनी गेला तो २५ जुलै १९४३ रोजी. तोवर सिसिलीत दोस्तांच्या फौजा उतरल्या होत्या, रोमवर बॉम्ब पडले होते. त्याच्याच फॅसिस्ट महापरिषदेने त्याच्याविरुद्ध ठराव केला, राजाने त्याला अटक करवली आणि लोक रस्त्यावर येऊन नाचले. पण युद्ध थांबले नाही. इटलीत जर्मन ठाण मांडून होते. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या मशिनगनवर एकट्याने चाल करून माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांचे वय बावीस होते.