फू मांचूच्या मिशा

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे खलनायक. म्हणजे खरं तर एकच खलनायक, जो शंभराहून जास्त वर्षं कपडे आणि नावं बदलून परत परत येतोय.

सुरुवात इंग्लंडमध्ये. आर्थर वॉर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या एका माणसाने १९१२ साली 'सॅक्स रोमर' या टोपणनावाने डॉ. फू मांचूच्या कथा लिहायला घेतल्या. पाश्चात्त्य विज्ञान कोळून प्यायलेला, लंडनमध्ये बसून गोऱ्यांचं साम्राज्य उलथवायला निघालेला चिनी डॉक्टर. चीनमधला बॉक्सर उठाव लोकांच्या डोक्यात ताजा होता, त्यामुळे पुस्तकं धडाधड खपली. लंडनच्या लाइमहाउस भागात तेव्हा चिनी माणसं होती ती काही शे. पण भीतीला डोकी मोजायची सवय नसते!

बरं, हे नुसतं कथेपुरतं राहिलं असतं तर कोणाची ना नव्हती. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशबंदी केली होती, ती १९४३ पर्यंत टिकली. म्हणजे थिएटरात प्रेक्षक फू मांचूला बघून टरकत होते, त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोतला चिनी धोबी गावाकडच्या बायकोला आणू शकत नव्हता. एकाच गैरसमजावर दोघांचं दुकान चाललं होतं, सिनेमावाल्यांचं आणि कायदेवाल्यांचं.

पडद्यावर फू मांचू कोण झालं? १९२९ मध्ये वॉर्नर ओलंड, म्हणजे स्वीडिश. १९६५ ते ६९ मध्ये पाच सिनेमांत ख्रिस्तोफर ली, म्हणजे इंग्रज. आणि १९३२ मध्ये बोरिस कार्लोफ, ज्याच्या सिनेमावर चिनी वकिलातीने निषेध नोंदवला होता. या कार्लोफची एक गंमत सांगतो. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, घराण्याची पाळंमुळं हिंदुस्थानातली. सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स ही त्याच्या आजीची सख्खी बहीण, आणि तिचा जन्म १८३१ साली आपल्या नगरचा (आताचं अहिल्यानगर). बाईंनी मात्र आपण वेल्सच्या आहोत असंच जगाला सांगितलं. कार्लोफचा भाऊ ब्रिटनचा चीनमधला मुत्सद्दी, आणि हा इकडे डोळे ताणून, मिशा लावून चिनी राक्षस झालेला. मिशांचंही ऐका: रोमरच्या पुस्तकातला फू मांचू दाढीमिशी केलेला, गुळगुळीत आहे. जगप्रसिद्ध मिशा सिनेमाच्या मेकअपवाल्यांनी चिकटवल्या.

असो. फेब्रुवारी १९६४ च्या अंकात मार्व्हलने आयर्न मॅनसमोर 'मँडारिन' उभा केला. स्टॅन ली आणि डॉन हेक यांचं काम. शीतयुद्ध जोरात होतं, म्हणून हा आला लाल चीनमधून, पण साचा तोच जुना. फरक एवढाच, की बोटांत परग्रहावरच्या दहा अंगठ्या. नाव तर धड नावही नाही. 'मँडारिन' म्हणजे चिनी दरबारातला अधिकारी. हा शब्द पोर्तुगीजांनी मलय भाषेतून उचलला, आणि मलय भाषेत तो गेला संस्कृतातून. मूळ शब्द आपला 'मंत्री'! थोडक्यात, खलनायकाचं नाव 'साहेब' ठेवण्यासारखा प्रकार.

१९७३ मध्ये मार्व्हलने फू मांचूचे हक्क घेऊन त्याला एक मुलगा दिला, शांग-ची. पुढे हक्क गेल्यावर बापाचं नाव बदलावं लागलं. हे नामांतर वकिलांमुळे झालं, पश्चात्तापामुळे नव्हे.

आता सिनेमावाल्यांची पंचाईत बघा. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात: ठेवलं तर लाज वाटते, काढलं तर जुने गिऱ्हाईक बोंबलतात. २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये त्यांनी मँडारिन गाळला आणि 'टेन रिंग्ज' ही टोळी ठेवली, अफगाणिस्तानात. कॉमिकमध्ये टोनी स्टार्क पकडला गेला होता व्हिएतनाममध्ये. म्हणजे भीती तीच, पत्ता फक्त बदलला. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

२०१३ चा 'आयर्न मॅन ३' मात्र मला आवडतो. चाहत्यांनी दिग्दर्शक शेन ब्लॅकला शिव्या घातल्या, तरीही. त्यात मँडारिन निघतो ट्रेव्हर नावाचा एक दारुडा इंग्रज नट. ॲल्ड्रिच किलियन नावाच्या गोऱ्या अमेरिकन उद्योगपतीने त्याला दाढी लावून, झगा घालून कॅमेऱ्यासमोर बसवलेला असतो. नट बेन किंग्जली, म्हणजे जन्माने कृष्णा भानजी, ॲटनबरोंचे गांधी! लोक म्हणाले की खलनायकाची चेष्टा केली. अहो, पण फू मांचू शंभर वर्षं हेच तर होता. एका इंग्रजाने रचलेला, गोऱ्या नटांनी मेकअप करून वठवलेला. सिनेमाने ते फक्त उघड्यावर मांडलं. (चीनमधल्या तिकीटबारीचाही विचार झाला असणार, तिकडे चिनी कलाकारांचे जादा प्रसंग घातलेली वेगळी आवृत्ती दाखवली होती.)

पण मुखवटा काढला की काम निम्मंच होतं. चिनी माणूस अजून पडद्यावर आलेलाच नाही.

दुसरी वाट दाखवली २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'ने. १९६९ च्या कॉमिकमध्ये 'मॅन-एप' नावाचा काळा खलनायक होता. काळ्या माणसाला माकड म्हणणं ही अमेरिकेतली किती जुनी शिवी आहे हे सांगायला नको. रायन कूगलरने ती पदवी टाकली, एमबाकू हे नाव ठेवलं, त्याला डोंगरातलं राज्य, मानमरातब आणि विनोदबुद्धी दिली. गोरिला राहिला तो जमातीचं दैवत म्हणून. विन्स्टन ड्यूकने भूमिका अशी केली की लोक त्याच्याच प्रेमात पडले. भारतात मात्र वेगळंच झालं. त्याच्या जयघोषात 'हनुमान' असा शब्द होता, तो आपल्या सेन्सॉरने मुका केला!

तीच वाट २०२१ च्या 'शांग-ची'ने धरली. फू मांचू आणि मँडारिन दोघेही बाद, बाप म्हणून आला शू वेनवू. भूमिकेत हाँगकाँगचा टोनी लिउंग. अंगठ्यांची हातात चढवायची कडी झाली. सिनेमा सुरू होतो तोच चिनी भाषेत. आणि जेवणाच्या टेबलावर हा वेनवू स्वतःच 'मँडारिन' नावाची टर उडवतो, की त्या अमेरिकनांना माझं नाव माहीत नव्हतं म्हणून त्यांनी कोंबडीच्या एका पदार्थाचं नाव ठोकून दिलं आणि त्यालाच सगळे घाबरले. मी थिएटरात मोठ्याने हसलो, शेजारचे बघायला लागले :)

वेनवू भला माणूस नाही बरं का. हजार वर्षं रक्त सांडलंय त्याने, आणि पोटच्या मुलाला मारेकरी बनवलंय. पण मेलेल्या बायकोची हाक ऐकू येते म्हणून तो जग मोडायला निघतो, तेव्हा त्याचं दुःख कळतं. फू मांचूला दुष्टपणाचं कारणच लागत नसे, चिनी असणं पुरेसं होतं. वेनवूला कारण आहे.

मुख्य भूमी चीनमध्ये 'शांग-ची' थिएटरात लागलाच नाही. टोनी लिउंगचा मात्र तो पहिला अमेरिकन सिनेमा, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर. मिशा न लावता.