क्लच घसरतो आहे, हे कसे ओळखावे?
मुंबईहून नाशिकला येताना इगतपुरीच्या अलीकडे कसारा घाटाची चढण लागते. मोटारीचा क्लच घसरत असेल, तर तो बहुधा तेथेच उघडा पडतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचे फेरे आणि आवाज वाढतात, वेग मात्र वाढत नाही. शहरातील सपाट रस्त्यावर हा दोष बराच काळ लपून राहतो. जळका वास येऊ लागला, तर क्लच प्लेटचे अस्तर तापले असे समजावे.

खात्रीसाठी सपाट, मोकळ्या जागी, पुढे कोणी नसताना हँडब्रेक पक्का ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले, तर पकड शाबूत आहे. चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा वारंवार करू नये, तिनेही प्लेट जळते.

‘प्लेट गेली’ हा निकाल लगेच मान्य करण्याचे कारण नाही. केबलच्या क्लचमध्ये पेडलचा फ्री प्ले उरला नसेल, तर कधीकधी नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटने भागते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळत असेल, तर सील न बदलता बसवलेली नवी प्लेटही तेलकट होऊन घसरते. गिअर टाकताना होणारी करकर हा मात्र उलट दोष. तेथे क्लच पूर्ण सुटत नसतो.