तेजाची शीव

सुरतेच्या दक्षिणेस उधना, पांडेसरा, बमरोली हा यंत्रमागांचा आणि कापडरंगाईचा मुलूख. खानदेशातून पोटामागे आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथे नांदत आहेत. याच सुरतेच्या सागरी अंगास, हजिरा येथे, लार्सन अँड टूब्रोच्या कारखान्यात एक पोलादी पात्र घडले. त्याची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते. फ्रान्समध्ये कादाराश येथे 'इटर' हे अणुसंमीलनाचे आंतरराष्ट्रीय यंत्र उभे राहत आहे. त्याचे हे बाह्य कवच उंचीला व रुंदीला सुमारे 30 मीटर, वजनाला 3,850 टन. सुट्या भागांनी ते समुद्रमार्गे गेले. अखेरचे भाग 2020 च्या जूनअखेर हजिऱ्याहून निघाले.

या कवचाचे काम आतील चुंबकांचे शैत्य राखण्याचे. ते चुंबक उणे 269 अंशांवर, आणि त्यांच्या कुशीत 15 कोटी अंशांचा प्लाझ्मा ठेवावयाचा! बाहेरची ही शीव सुरतेच्या कारागिरांनी बांधून दिली. आतली शीव मात्र पोलादाची नव्हे. ती चुंबकीय क्षेत्राची आहे, आणि खरा इतिहास तिचाच आहे.

1955 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष या नात्याने होमी भाभा यांनी भाकीत केले, की दोन दशकांच्या आत संमीलनाची शक्ती माणसाच्या ताब्यात येईल. भाकीत चुकले हे खरे. परंतु ज्या पुराव्यावर ते केले गेले, त्यात काठाचा साक्षीदार हजरच नव्हता. पुढे 1968 साली रशियन शास्त्रज्ञांनी आपल्या टोकामॅक यंत्रात साधलेले तापमान जाहीर केले, तेव्हा पश्चिमेस ते खरे वाटेना. 1969 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मॉस्कोस जाऊन लेसरने मोजणी केली, आणि वाद मिटला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत प्रतिपक्षाचा साक्षीदार आपल्या घरी बोलावण्याचे धैर्य आम्हांस विशेष वाटते.

वकिलीच्या व्यवसायात आम्ही नेहमी पाहतो, की तंटा शेताच्या मध्यावर क्वचितच होतो. तो बांधावर होतो. प्लाझ्माचेही बरेचसे तसेच आहे. 1982 साली जर्मनीत गार्शिंग येथे फ्रिट्झ वाग्नर यांना आढळले, की तापविता तापविता प्लाझ्मा एकाएकी पूर्वीच्या सुमारे दुप्पट काळ ऊर्जा धरून ठेवू लागला. काठाच्या काही सेंटिमीटरांत जणू बांध उभा राहिला होता. पण बांध जितका उभा, तितका त्यामागे दाब साचतो, आणि ठरावीक अंतराने तो फुटतो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात तप्त द्रव्याचा लोंढा भिंतीवर येतो. लहान यंत्रांस ते सोसवते; इटरच्या आकारात मात्र टंगस्टनच्या पट्ट्याही झिजून जातील.

त्याच 1982 साली अहमदाबादेस प्रधिमान कृष्ण काव यांच्या पुढाकाराने प्लाझ्मासंशोधनाचा कार्यक्रम सुरू झाला. 1986 मध्ये गांधीनगरजवळ भाट येथे त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि 1989 मध्ये 'आदित्य' हा देशी बांधणीचा टोकामॅक चालू झाला. त्याच्या कड्याची त्रिज्या अवघी 75 सेंटिमीटर. या धाकट्या यंत्राने काठाविषयी मोलाची साक्ष दिली. प्लाझ्माच्या कडेस बारीक शलाका खुपसून घेतलेल्या नोंदींवरून 1992 साली प्रसिद्ध झाले, की तेथील खळबळ एकसारखी नसते. ती मधूनमधून उसळते. सरासरी काढून जो निश्चिंत बसेल, त्याला ती उसळी दिसणारच नाही.

उपायही काठावरच सापडला. 2004 मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगोच्या संशोधकांनी दाखविले, की काठाच्या चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम थोडी विस्कटणी केली, तर ते लोंढे थांबतात. बांधाला सांडवा ठेवावा, तसे हे. इटरच्या पोटात याचसाठी 27 वेटोळी योजली आहेत. ती प्रत्यक्ष कसोटीस लागण्यास अवकाश आहे, कारण 2024 च्या सुधारित वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे ज्वलन 2039 साली व्हावयाचे आहे. भाट येथे तोवर काम थांबलेले नाही. काठावर हायड्रोजन वायूची क्षणभर फुंकर घातली असता खळबळ ओसरते, हे आदित्याने 2009 पर्यंत दाखवून दिले होते. 2016 साली त्याचे नूतन रूप चालू झाले.